'वी' म्हणजे आपण की आम्ही

रविवार, २ फेब्रुवारी
मुनिरक्याचा वर्ग. आज अकरा जण. चौथ्या मजल्यावरची अभ्यासिका, खिडकी एकच आणि ती उघडली की शेजारची भिंत. सगळी आपलीच पोरं: लातूर, बीड, नंदुरबार. स्पर्धा परीक्षेचे बाकीचे पेपर मराठीत लिहिता येतात, इंग्रजीचा एक मात्र सक्तीचा. त्यात आपटलं की बाकीच्या उत्तरपत्रिका कोणी बघतही नाही. शबाना, औशाची, गेल्या खेपेला त्यातच गेली. निबंध झकास, व्याकरणाच्या नावाने बोंब. म्हणून दर रविवारी दिल्लीच्या दुसऱ्या टोकाहून, द्वारकेहून, मेट्रो बदलून जातो. संगमनेरला बत्तीस वर्षं हेच केलं, इथे खडूऐवजी मार्कर एवढाच फरक.

(जुना नियम चालू: रोजनिशीत इंग्रजी अक्षर लिहायचं नाही. आयुष्यभर फळ्यावर लिहिली तेवढी पुरे.)

गेल्या रविवारी नाम झालं, आज सर्वनाम. आय, वी, यू. शबानाने हात वर केला. म्हणाली, "सर, वी म्हणजे आपण का आम्ही?"

बत्तीस वर्षांत एकाही कार्ट्याने हे विचारलं नव्हतं. 'आपण' म्हटलं की समोरचा त्यात आला. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहिला. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. हिंदीतही तेच, 'हम'. मी म्हणालो, संदर्भाने कळतं. सगळ्यांनी लिहून घेतलं. स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

दारातच ईरा. "आजोबा, आम्ही पार्कमध्ये जाऊया?" नात नऊ वर्षांची, जन्म द्वारकेचा, 'आपण' हा शब्द तिच्या तोंडात बसतच नाही. म्हटलं, मी पण येणार ना? मग आपण म्हण. "हां यार आजोबा, तेच." गेलो दोघं. गुडघा कुरकुरला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
दुपारी निनादचा मेसेज. 'घरचे' नावाचा ग्रुप आहे, त्यात तिघंच: निनाद, सूनबाई ऋचा आणि मी. ऑफिसातून लिहिलंय म्हणून इंग्रजीत. 'वी गॉट इट! वी आर मूव्हिंग इन जुलै.'

कॅनडाचं काम झालं. तीन वर्षं कागद चालू होते. मूव्हिंग: चालू वर्तमानकाळ, पण अर्थ भविष्याचा, ठरलेल्या गोष्टीसाठी वापरतात. म्हणजे ठरलंच.

खाली बसलो. मग मंगलच्या फोटोला सांगितलं. म्हटलं, बाई, तू मला पुण्याला जायचं असलं तरी आदल्या दिवशी पोट बिघडायचं म्हणून हसायचीस. आता बघ. सदुसष्टाव्या वर्षी बर्फात निघालोय.

ग्रुपवर लिहिलं: आपल्या सगळ्यांचं अभिनंदन. निनादने हात जोडल्याचं चित्र टाकलं, ऋचाने हृदय.

शनिवार, २२ फेब्रुवारी
पासपोर्टची मुदत संपून दोन वर्षं झाली. कधी लागला म्हणून बघणार. निनादला विचारलं, नवा करून घेऊ ना? लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, हो बाबा, करून ठेवा, असलेला बरा.
'करून ठेवा' काय, 'करू' म्हण की. पण हल्ली त्याच्या डोक्यात सतराशे साठ व्यवधानं. सोसायटीतल्या पुरी साहेबांनी फॉर्म भरून दिला.

रविवार, १६ मार्च
होळीचा रंग अजून ईराच्या कानामागे. वर्गात विशेषण झालं. 'ओल्ड'चं वाक्य करा म्हटलं तर नांदेडच्या मुलाने मला उद्देशून वाक्य केलं. हसलो सगळे.

येताना सरोजिनीनगरला उतरलो. थंडी संपली की तिथे लोकरीचे ढीग लागतात. जाड स्वेटर घेतला, गळ्यापर्यंतचा, राखाडी. घरी सगळ्यांना घालून दाखवला. ईरा म्हणाली पेंग्विन. ऋचा कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली. मला तर शिट्टी ऐकू आली नाही, पण माझे कान हे असे. निनाद बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "चांगलाय बाबा. दिल्लीच्या थंडीतही होईल."

म्हटलं, दिल्लीच्या थंडीला कोण विचारतंय आता.

मंगळवार, १ एप्रिल
ठरवलं. संगमनेरचं घर आता कशाला अडवून ठेवायचं? भाड्याचं असलं तरी एकतीस वर्षं त्यात काढली. मंगल तिथेच गेली. त्यानंतर निनादने इकडे आणलं, तरी कुलूप माझं, किल्ली माझ्या जानव्याला. पण मालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांना जागा हवी आहे, चार वेळा आडून आडून विचारून झालं. माणसाने दोन डगरींवर पाय ठेवू नयेत.

जेवताना निनादला सांगितलं, पुढच्या आठवड्यात गावी जाऊन घर आवरून येतो. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाला, बाबा, हे फार बरं केलंत, मीच कसं बोलायचं म्हणून अडलो होतो. ऋचानेही लगेच तिकीट काढून दिलं, खालचा बर्थ. बरं वाटलं. इतके दिवस पोरगं घुम्यासारखं वागत होतं त्याचं कारण हे होतं तर.

शुक्रवार, ११ एप्रिल. संगमनेर
भांडी शेजारच्या लीलावहिनींना. पाटा-वरवंटाही त्यांनाच, दोघांनी मिळून उचलला. पुस्तकं शाळेला. कपाट मालकांनीच ठेवून घेतलं. मंगलच्या साड्या... लीलावहिनी म्हणाल्या, एक तरी ठेवा भाऊ. एक ठेवली, अबोली.

फळीवर तिची किसणी सापडली. दात बोथट झालेली. कागदात गुंडाळून बॅगेत टाकली. परदेशात खोबरं कोण किसणार, पण टाकली.

किल्ली दिली तेव्हा मालक म्हणाले, गुरुजी, नशीबवान आहात, मुलगा सोबत नेतोय, आजकाल कोण नेतं. मी म्हटलं, हो, तसा तो आहेच.
रिकाम्या खोलीत माझाच आवाज घुमला.

रविवार, ४ मे
वर्गाला सांगितलं, जूनअखेर माझा शेवटचा तास, तोवर आठही शब्दजाती उरकू. आज शब्दयोगी अव्यय. मराठीत ते नामाच्या पाठीला चिकटून चालतं: घराजवळ, मुलाबरोबर. इंग्रजीत पुढे आणि सुटं. शबानाने सगळ्यांकडून पैसे काढून माझ्यासाठी पेन आणलाय, निरोपाचा. इतक्यात कशाला म्हटलं. तर म्हणाली, नंतर विसरू सर.

मंगळवार, ३ जून
लू चालू, इकडचा तो भाजून काढणारा वारा. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. ईराला सुट्टी, पण शाळेने सुट्टीतला गृहपाठ दिलाय, इकडे त्याला हॉलिडे होमवर्क म्हणतात आणि तो आईबापांनाच करावा लागतो. इंग्रजीचा माझ्याकडे आला. 'माय फॅमिली' वर दहा वाक्यं लिहा, प्रत्येकातला सब्जेक्ट, व्हर्ब आणि ऑब्जेक्ट अधोरेखित करा.

तिने लिहून आणलं होतं. लाल पेन घेऊन बसलो. सहाव्या वाक्यापर्यंत एकच चूक, 'चाइल्डहुड'चं स्पेलिंग. सातवं: आम्ही जुलैत टोरांटोला जाणार. आठवं: आजोबा त्यांच्या गावच्या घरी राहणार. नववं: वी विल मिस आजोबा.

ईरा म्हणाली, "वी सब्जेक्ट, मिस व्हर्ब आणि तुम्ही ऑब्जेक्ट. बरोबर ना?"

विचारलं, वी म्हणजे कोण कोण? बोटं मोजून म्हणाली, मम्मा, बाबा, मी. जरा थांबून म्हणाली, तुम्ही त्यात कसे येणार, तुम्ही तर ऑब्जेक्ट आहात ना.

बरोबर होतं. बरोबरची खूण केली. दहा वाक्यांना नऊ गुण दिले, एक स्पेलिंगचा कापला. मग न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि रडलो. गरम पाणी येत होतं. जूनमध्ये दिल्लीत गारही गरमच येतं.

बुधवार, ४ जून
फोनमध्ये तो मेसेज पुन्हा काढला. ग्रुपवर तिघं. लिहिणारा निनाद. ऋचाला तर ते आधीच ठाऊक असणार, तिला ग्रुपवर सांगायची गरज काय? उरलो मी. म्हणजे वाचणारा मी एकटाच होतो. फक्त मलाच सांगायचं होतं म्हणूनच तो मेसेज. ज्याला सांगायचं तो 'आम्ही'मध्ये नसतो.

संदर्भ अगदी स्वच्छ होता. मलाच दिसला नाही. मास्तर कसला, ढ गोळा.

गुरुवार, ५ जून
संध्याकाळी निनादशी बोललो. भांडलो नाही. तिसरा मजला, शेजारी पुरी साहेब, आणि भांडून होणार काय.

ईराची गृहपाठाची वही पुढे ठेवली. त्याने वाचली. म्हणाला, त्याला वाटलं होतं मला कळलंय. मुलाबाळांसकट अर्ज होतो, आईवडिलांचा वेगळा, नंतर, आणि त्याचं काही खरं नसतं. स्वेटर घालून दाखवला तेव्हाच तो सांगणार होता. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. मग मी घर आवरायला जातो म्हणालो आणि त्याचा जीव भांड्यात पडला, की बाबांना समजलं, बाबा तिथे राहायची तयारी करतायत.

म्हटलं, "निनाद, आवरून आलो म्हणजे रिकामं करून आलो. किल्ली दिली."

 तो हळूच खाली बसला, खुर्ची मागे होती ती न बघता, जमिनीवरच. चाळीस वर्षांचा घोडा. ऋचा रडायला लागली. मी म्हटलं, अगं, तू कशाला. तर म्हणाली, "बाबा, आपण काहीतरी मार्ग काढू."
आपण म्हणाली. चांगली मुलगी आहे.

चूक कोणाची, हे मघापासून घोळवतोय. तो 'वी' म्हणाला, मी 'आवरून' म्हणालो. आपलंच मराठी, आपलाच मुलगा. त्याने ते चार शब्द मराठीत लिहिले असते तर? 'आम्ही जातोय' असं लिहायला त्याचाही हात धजला नसता बहुतेक. इंग्रजीत बरं पडतं.
रागावलोय. खूप रागावलोय. तरी त्याने जेवायला हाक मारली तेव्हा गेलो.

रविवार, १५ जून
वर्ग. केवलप्रयोगी अव्यय, शेवटची शब्दजात. अरेरे, हाय, शाब्बास. बाकी वाक्याशी त्याचा व्याकरणाने काही संबंध नसतो, काढून टाकलं तरी वाक्य उभं राहतं. हे वाक्य बत्तीस वर्षं घडाघडा बोलत आलो. आज मध्येच थांबलो. मुलांना वाटलं पाणी हवंय.

तास संपल्यावर शबाना थांबली. सर, काय झालंय? सांगितलं, आधी अर्धं, मग सगळंच. माझ्या निनादहूनही कितीतरी लहान ती. पुण्याला निनाद एक वृद्धाश्रम बघतोय, बाग वगैरे आहे, फोटो दाखवले. मला नको म्हणालो.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, इथे एक खोली रिकामी होतेय, दुसरा मजला, उजेड आहे.

शनिवार, २१ जून
खोली पाहिली. खाट, ओटा, एका माणसापुरती गच्ची. मालक म्हणाला, अंकलजी, हम तो स्टुडेंट को ही देते हैं, आपके साथ कौन रहेगा? मी म्हटलं, कोई नहीं. शबाना मागून म्हणाली, हम हैं ना.
जिना उतरताना मी विचारलं, हा हम कुठला? तिला लगेच कळलं. "आम्ही, सर. अकरा जण."

'आम्ही'चा मला इतके दिवस राग आला होता. हा बरा वाटला.

घरी सांगितलं. निनाद म्हणाला, बाबा, मुनिरका? त्या बोळात? लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना कोण विचारायला जातंय, तू तिकडे, मी इकडे. मग वाईट वाटलं, इतकं टोचून बोलायला नको होतं. पण शब्द गेला तो गेला.

रविवार, ६ जुलै
चार दिवस खोके, चिकटपट्टी. ईराच्या बाहुल्यांवरून रडारड. माझी दोन बोचकी आणि एक बॅग. निनादने मुनिरक्याच्या खोलीत पंखा बदलून दिला, नळाचा वायसर बदलला, दाराला आतून कडी लावली. मंगलसारखंच आहे त्याचं, तोंडाने काही नाही, हातानेच सगळं. कडी लावताना त्याचं बोट चेमटलं. मी फुंकर घातली. लहानपणी घालायचो तशी. 

गुरुवार, १० जुलै
विमानतळ. आत सोडत नाहीत, काचेच्या दारापर्यंतच. द्वारकेच्या गच्चीवरून ईरा आणि मी रोज विमानं मोजायचो, पोटाखालची चाकं दिसायची इतकी खाली.

निनाद वाकला, नमस्कार केला, उठायला वेळ लावला. ऋचाने औषधांचा डबा पुन्हा समजावला, सोमवार ते रविवार. ईराने कमरेला मिठी मारली. मग शिकवल्यासारखं नीट उभं राहून म्हणाली, "आजोबा, आम्ही येतो."

पहिल्यांदा बरोबर वापरलं तिने. चार वर्षं कानीकपाळी ओरडत होतो.
शाब्बास म्हणायला हवं होतं. म्हणता आलं नाही.

शुक्रवार, २५ जुलै
पोचल्याचा फोन त्याच दिवशी आला होता. नंतर दोनदा. तिकडे सकाळ असते तेव्हा इकडे माझी जेवणं उरकलेली. ईराने शाळा दाखवली. ती आता तिथल्यासारखं बोलते, दोन आठवड्यांत. मध्येच म्हणाली, आजोबा, आपण इथे एक मोठं तळं पाहिलं. मी पाहिलं नव्हतं. दुरुस्त केलं नाही.

पोरं येऊन जाऊन असतात. नांदेडचा मुलगा पोहे आणतो, मीठ कायम जास्त. किसणी बाहेर काढलीय. काल शबानाने त्यावर काकडी किसली, म्हणाली सर, फेकून द्या ही, दातच नाहीत. म्हटलं, मलाही फारसे नाहीत.

रविवार, १० ऑगस्ट
वर्ग आता माझ्याच खोलीत. खाटेवर चार, बाकी जमिनीवर. शबानाचा पेपर जवळ आलाय, म्हणून भाषांतर.

सकाळी निनादचा मेसेज आला होता. घर मिळालं, सामान लागलं, तळमजल्याला एक जास्तीची खोली आहे. आणि शेवटी: 'वी विल कॉल यू सून, बाबा.'

वीचं आता अडत नाही. वी म्हणजे ते तिघं. यू म्हणजे मी, पुन्हा ऑब्जेक्ट. अडलं ते क्रियापदावर. कॉल. सकर्मक. पहिला अर्थ फोन करणे. दुसरा, बोलावून घेणे. जास्तीच्या खोलीचं त्याने कशाला लिहिलं? का आपलं सहज? उलटून विचारावं म्हणून लिहायला घेतलं, मराठीत, नीट. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

वर्गात फळ्यावर तेच वाक्य दिलं, फक्त सर्वनामं बदलून: दे विल कॉल मी सून. मराठी करा. वह्या गोळा केल्या. सहा जणांनी लिहिलं, ते मला लवकरच फोन करतील. शबानाने आणि बाकीच्यांनी लिहिलं, ते मला लवकरच बोलावतील.

शबाना म्हणाली, सर, पेपरात आलं तर कुठलं बरोबर धरतील? सगळे माझ्याकडे बघत होते, पेन उघडून. संदर्भाने कळतं, हे ओठावर आलं होतं, ते गिळलं.
दोन्हींना बरोबरची खूण केली.